पी-जे बेस घेताना: आधी नेक, मग पिकअप

बेस गिटार घ्यायला निघालेल्या बहुतेकांचं गाडं एकाच प्रश्नावर अडतं: फेंडर कंपनीच्या दोन जुन्या मॉडेलांपैकी प्रिसिजन घ्यायचा की जॅझ? कानाला प्रिसिजनचा आवाज हवा असतो, भरदार, किक ड्रमला चिकटून बसणारा. हाताला मात्र जॅझचा निमुळता नेक (तारा दाबायचा लांब दांडा) बरा वाटतो. शिवाय एखाद्या गाण्यात ब्रिजजवळच्या, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात तिथल्या, पिकअपची (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाची) ती बोलकी, किंचित नाकातली धारही पाहिजे असते. तीन बेस घेणं परवडत नाही, आणि घेतले तरी शोला खांद्यावर एकच जातो. मग उरतो मिश्र बेस: प्रिसिजनची बॉडी, मध्ये पी (प्रिसिजनचा) पिकअप, ब्रिजजवळ जे (जॅझचा) पिकअप आणि पुढे जॅझचा नेक.

ही जोडणी आजची नाही. १९८०च्या दशकात फेंडरच्या जपानी कारखान्यातून ‘जॅझ बेस स्पेशल’ नावाचा बेस निघत असे. नाव जॅझ, पण बॉडी प्रिसिजनची, नेक जॅझचा आणि पिकअप पी-जे. गन्स अँड रोझेस या रॉक बँडच्या डफ मकेगनच्या हातातला पांढरा बेस तो हाच. पुढे फेंडरनं त्याच्या नावानंही तसाच बेस काढला. आज जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीच्या यादीत एखादा पी-जे असतोच. अडचण अशी की पी-जे पिकअप सर्रास मिळतात, पण त्यासोबत जॅझचा नेक मिळेलच असं नाही. पाटीवर ‘पीजे’ लिहिलंय म्हणून नेकही तसाच असेल, असं गृहीत धरून ऑनलाइन मागवलेले बेस नंतर जुन्या सामानाच्या जाहिरातींत दिसतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. आधी नेक पाहा, मग एकट्या पी पिकअपचा आवाज ऐका, मग दोन्हींचा मेळ, आणि एकटा जे सगळ्यात शेवटी. रंग त्याच्याही नंतर. पिकअप नाही आवडला तर एका दुपारीत बदलून मिळतो. नेक हाताला बसला नाही तर बेस कपाटावर जातो.

आधी थोडा इतिहास, कारण मापं त्यातच आहेत

लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला १९५१मध्ये. त्याला तेव्हा साधा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा, पिकअप होता. आज आपण ज्याला पी पिकअप म्हणतो, तो दोन तुकड्यांचा, एकमेकांपासून सरकवून बसवलेला पिकअप, १९५७चा. त्याचा एक तुकडा ई आणि ए या जाड तारांखाली, दुसरा डी आणि जी या बारीक तारांखाली. दोन्ही तुकड्यांची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा एकमेकांच्या उलट आणि जोडणी सीरिजमध्ये, म्हणजे एकामागून एक, त्यामुळे विजेच्या तारांतून येणारी गुणगुण एकमेकांत विरून जाते. म्हणजे एकटा पी पिकअप शांत असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जॅझ बेस आला १९६०मध्ये. दोन सडपातळ सिंगल कॉइल पिकअप आणि नटपाशी, म्हणजे खुंट्यांच्या बाजूच्या टोकाला, फक्त दीड इंच, म्हणजे ३८.१ मिमी रुंदीचा नेक. सुरुवातीच्या प्रिसिजनचा नट पावणेदोन इंच, म्हणजे जवळपास ४४.५ मिमी होता. आजचे बहुतेक प्रिसिजन ४१ ते ४३ मिमीमध्ये असतात. साठच्या दशकातल्या फेंडरच्या नेकवर, हीलच्या (बॉडीत बसणाऱ्या भागाच्या) टोकाला रुंदीचं अक्षर छापलेलं असे: ए म्हणजे दीड इंच, बी म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश, सी म्हणजे पावणेदोन. थोडक्यात, प्रिसिजनवर जॅझइतका बारीक ‘ए’ नेक तेव्हाही मागवता येत होता. हौस जुनीच आहे.

दोन्ही बेसचा स्केल मात्र एकच, ३४ इंच. नटपासून ब्रिजपर्यंत तारेचं अंतर सारखं, फ्रेटही (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) त्याच जागी. म्हणूनच एकाचा नेक दुसऱ्याला चालतो.

पायरी पहिली: हात मोजा, म्हणजे खरोखर मोजा

‘माझे हात लहान आहेत, म्हणून जॅझ नेक’ हे वाक्य दुकानात रोज ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. दीड इंची नेकचा फायदा पहिल्या चार-पाच फ्रेटमध्येच जाणवतो, कारण तिथे तारा एकमेकींच्या जवळ असतात. जसजसं वर सरकाल तसतसा जॅझचा नेक रुंद होत जातो आणि बॉडीपाशी दोन्ही नेक जवळपास सारखेच भरतात. तुमचं बहुतेक वाजवणं पाचव्या ते बाराव्या फ्रेटच्या दरम्यान असेल, तर नटच्या रुंदीवरून एवढा जीव काढू नका. उलट ऑर्केस्ट्रात मोकळ्या तारा आणि खालचे एफ, जी, ए धरून तीन तास वाजवणाऱ्याला हे तीन-चार मिमी रात्री मनगटात कळतात.

रुंदीपेक्षा जास्त फसवते ती जाडी. दीड इंची पण मागे गुबगुबीत नेक असतो, तसाच रुंद पण चपटाही असतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा व्हर्नियर कॅलिपर सोबत न्या आणि तीन मापं घ्या: नटची रुंदी, पहिल्या फ्रेटपाशी जाडी, बाराव्या फ्रेटपाशी जाडी. आधी हीच मापं तुम्हाला आवडणाऱ्या, मित्राच्या किंवा क्लासच्या बेसवर घेऊन वहीत लिहून ठेवा. ‘सी शेप’, ‘मॉडर्न सी’, ‘स्लिम’ हे शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं वापरते. कॅलिपरवरचा आकडा मात्र सगळ्या दुकानांत सारखाच येतो.

फिंगरबोर्डची गोलाई हा तिसरा भाग. जुन्या धर्तीच्या फेंडरला सव्वासात इंच त्रिज्या असते, म्हणजे पृष्ठभाग जास्त गोल. आजकाल साडेनऊ किंवा बारा इंच सर्रास. बेसवर तारा वाकवायचं काम कमी, त्यामुळे यात हाताला काय सुखावतं एवढंच पाहायचं.

अंगठा नेकच्या मागे मध्यावर ठेवा आणि पहिल्या फ्रेटपासून चार बोटं चार फ्रेटवर पसरून क्रोमॅटिक वाजवा. दोन मिनिटं, न थांबता. अंगठ्याच्या मुळाशी ओढ लागली तर तो नेक तुमचा नाही. दुकानदार ‘सवय होईल’ म्हणेल. खुर्चीची, बॉसची सवय होते. नेकची सवय करून घेण्यापेक्षा पुढच्या दुकानात जाणं स्वस्त पडतं.

पट्टा लावून उभं राहूनही पाहा. पट्ट्याचं पुढचं बटण साधारण बाराव्या फ्रेटच्या रेषेत आलं तर तोल बरा राहतो. हात सोडल्यावर हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) जमिनीकडे झुकत असेल, तर डाव्या हाताला वाजवण्यासोबत नेक उचलण्याचंही काम करावं लागेल. वजन साडेतीन ते सव्वाचार किलोच्या आसपास असेल तर चांगलं. साडेचारच्या वर गेलं की पाठ आठवण करून देते.

पायरी दुसरी: नेकची तब्येत

नेक हातात बसला, आता तो निरोगी आहे का ते पाहा. हेडस्टॉककडून एक डोळा मिटून नेकच्या कडेवर नजर लावा. दोन्ही कडा सारख्या दिसल्या पाहिजेत. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल, म्हणजे नेक पिळला असेल, तर बेस खाली ठेवा. पिळलेला नेक ट्रस रॉडनं (नेकच्या आतली, वाक कमी-जास्त करायची सळई) सरळ होत नाही.

मग पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर ई तार एकाच वेळी दाबा. आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मध्ये किंचित फट दिसली पाहिजे, साधारण ०.३ मिमी. जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉडनं कमी करता येते, पण रॉड खरोखर फिरतोय का हे दुकानातच विचारा आणि दाखवून घ्या. जुन्या बेसमध्ये रॉडची टोपी शेवटपर्यंत आवळलेली असेल तर पुढे दुरुस्तीला वाव उरत नाही. विकणारा हे आपण होऊन सांगत नाही.

फ्रेटच्या टोकांवर बोट फिरवा. टोचत असतील तर लाकूड सुकलंय. लहान काम आहे, भाव करायला उपयोगी पडतं. आणि जी तारेवर चौथ्या ते आठव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर वाजवून तो किती टिकतो ते ऐका. बोल्ट-ऑन (स्क्रूनं जोडलेल्या) नेकच्या बेसवर या भागात एखादा स्वर लवकर मरतो. पाचव्या-सहाव्या फ्रेटवर हे हमखास सापडतं, महागड्या बेसवरही. थोडं असेल तर चालवून घ्यायचं. स्वर एका ठोक्यात विझत असेल, तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा. लाकडाच्या एका नगात असलेली खोड शेजारच्या नगात नसते.

पायरी तिसरी: पिकअप, आणि इथे घाई करू नका

पी-जे बेसबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की पीचा भरदारपणा आणि जेची धार दोन्ही एकदम मिळतील. तसं होत नाही. दोन पिकअप तारेच्या दोन वेगळ्या जागी ऐकतात. दोन्ही पॅरलल जोडून एकत्र केले की मधल्या पट्टीतल्या काही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. परिणाम असा: आवाज रुंद आणि स्वच्छ होतो, स्लॅपला (अंगठ्यानं तार ठोकून वाजवायला) छान वाटतो, पण पीचा तो छातीवर येणारा मधला भाग मागे सरतो. बँडमध्ये दोन गिटार आणि की-बोर्ड वाजत असताना हा आवाज हरवतो. म्हणून एकट्या पीचा आवाज आधी तपासायचा. आयुष्यातलं बरंचसं वाजवणं त्यावरच होणार आहे. जे पिकअप पाव किंवा अर्धा उघडून मिसळायचा असतो.

अँप मिळाला की त्याचे सगळे ईक्यू (बेस, मिड, ट्रेबलचे) नॉब मध्यावर ठेवा आणि कॉम्प्रेसर, इफेक्ट बंद करा. विकणारे अनेकदा बेस नॉब पुढे करून ठेवतात, त्यात सगळेच बेस छान वाटतात.

आता फक्त पी उघडा, जे शून्यावर, टोन पूर्ण. ई तार मोकळी वाजवा, मग जी तार. दोघींचा जोर साधारण सारखा हवा. जी तार कमजोर वाटत असेल तर त्या तुकड्याची उंची वाढवून पाहायला सांगा. त्यानंही सुधारलं नाही तर पिकअपच्या प्रत्येक तुकड्यावर स्क्रूड्रायव्हरनं हलकेच टकटक करा. दोन्हींतून अँपमध्ये आवाज आला पाहिजे.

मग फक्त जे उघडा. इथे गुणगुण येईल. साध्या सिंगल कॉइलला आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचा हा त्रास असतोच. ट्यूबलाइट, डिमर, स्वस्त चार्जर जवळ असले की वाढतो. बेस घेऊन जागच्या जागी हळूहळू वळा. एका दिशेला गुणगुण कमी आणि दुसरीकडे जास्त होत असेल तर ते सिंगल कॉइलचं नेहमीचं वागणं. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर बेसमधलं ग्राउंडिंग ठीक आहे. पण तारांना हात लावल्यावर ती वाढली किंवा हाताला झिणझिण्या आल्या तर ताबडतोब केबल काढा. ती बेसची खोड नाही, तिथल्या वायरिंगमध्ये धोका आहे. गणेशोत्सवाच्या मांडवात जनरेटरवर वाजवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, विशेषतः ओठ माईकला टेकतात तेव्हा.

जॅझ बेस वाजवून आलेल्या माणसाला इथे एक धक्का बसतो. जॅझवर दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की गुणगुण नाहीशी होते, कारण ते दोघे एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात. पी-जेवर तसं होत नाही. पी स्वतःपुरता शांत असतो, पण जेची गुणगुण रद्द करायला त्याच्याकडे काहीच उरत नाही. दोन्ही उघडले तरी जे गुणगुणतच राहतो. यावर उपाय आहे: जेच्याच आकारात बसणारे, आतून दोन कॉइल असलेले शांत पिकअप. डीमार्झिओचा मॉडेल जे किंवा अल्ट्रा जॅझ ही जुनी, चालती उदाहरणं. ईएमजीचे अ‍ॅक्टिव्ह जे पिकअपही शांत असतात, पण त्यांना बॅटरी लागते. स्टुडिओत रेकॉर्डिंग करणार असाल तर हा बदल पहिल्याच वर्षी करून घ्या. घरी आणि शोला वाजवणाऱ्यांना एवढी घाई नाही.

नॉबची एक परीक्षा

पॅसिव्ह (बिनबॅटरीच्या) पी-जेवर बहुधा तीन नॉब असतात: पीचा व्हॉल्यूम, जेचा व्हॉल्यूम आणि टोन. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि जे हळूहळू शून्यावर आणा. पीचा आवाज चालू राहिला पाहिजे. काही स्वस्त बेसमध्ये वायरिंग असं केलेलं असतं, की एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दोन्ही पिकअप मुके होतात. फेंडरच्या जॅझमध्ये पिकअपची तार पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रोधाच्या) मधल्या पायाला जोडतात, म्हणून एक बंद केल्यावर दुसरा मरत नाही. उलटं जोडलं की मरतो. हे काम सोल्डरिंग येणारा कोणीही दहा मिनिटांत दुरुस्त करेल, पण दुकानात कळलेलं बरं.

मग दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण करून ऐका. आवाज अचानक पातळ, पोकळ, डब्यातून आल्यासारखा झाला आणि खालचे स्वर गायब झाले, तर दोन पिकअप फेजच्या बाहेर, म्हणजे एकमेकांच्या उलट, जोडलेले आहेत. आधी कोणी पिकअप बदलला असेल तर हे हमखास सापडतं. एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल केली की बहुतेक वेळा काम होतं.

जुना पॅसिव्ह बेस घेत असाल तर मल्टिमीटरही कामाला येतो. केबल लावा, पी पूर्ण उघडा, जे शून्यावर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकावर रोध मोजा. सर्वसाधारण पी १० ते ११ किलो-ओहमच्या आसपास असतो, जे ७-८च्या. पॉटमुळे आकडा थोडा कमी दिसेल. पीच्या जागी ५ दिसला तर त्याचा एक तुकडा शॉर्ट झालाय. काहीच आकडा आला नाही तर तार तुटली आहे.

दोन व्हॉल्यूमच्या जागी एकच ब्लेंड नॉब असलेले बेसही मिळतात. एका नॉबवर पी ते जे सरकायचं. शोमध्ये सोपं पडतं, पण दोन्ही व्हॉल्यूम वेगळे असले की मिश्रणावर जास्त ताबा राहतो. माझी पसंती दोन व्हॉल्यूमना.

अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह? पहिला पी-जे पॅसिव्ह घ्या, किंवा असा घ्या की ज्यावर प्रीअँप (बेसमधला, बॅटरीवर चालणारा छोटा अँप) बंद करायचा स्विच आहे. नऊ व्होल्टची बॅटरी नेमकी दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर जाते. अ‍ॅक्टिव्ह बेस घेतलाच, तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची सवय लावा. केबल जॅकमध्ये असेपर्यंत बॅटरी चालू राहते.

जे पिकअप नेमका कुठे बसवलाय

हे फारसं कोणी पाहत नाही, पण आवाजावर त्याचा परिणाम मोठा आहे. साठच्या दशकातल्या जॅझमध्ये ब्रिजकडचा पिकअप थोडा आत होता. सत्तरच्या दशकात फेंडरनं तो सुमारे १० मिमी ब्रिजकडे सरकवला. आतल्या जागी आवाज गोलसर आणि जाड, ब्रिजकडे सरकला की टणक आणि स्लॅपला धारदार. बेसवादक मार्कस मिलरचा सत्तरच्या दशकातला जॅझ हा त्या दुसऱ्या जागेचा आवाज. पी-जेमध्येही कंपनीनं जे कुठे बसवलाय ते पट्टी लावून पाहा. पीसोबत मिसळायला मला आतली जागा बरी वाटते. ब्रिजला अगदी चिकटलेला जे पीच्या शेजारी फार बारीक वाजतो.

तसंच पीची दिशा. नेहमीच्या पीमध्ये ई-एचा तुकडा नेककडे, डी-जीचा ब्रिजकडे. स्पेक्टरसारख्या काही बेसवर हे उलटं असतं. मग खालच्या तारा आटोपशीर आणि वरच्या भरीव वाजतात. मेटल किंवा खाली ट्यूनिंग करणाऱ्यांना हे आवडतं. जुन्या सोल, फंकच्या आवाजाची ओढ असेल तर नेहमीचा पी घ्या. मोटाउन या सोल संगीताच्या रेकॉर्ड कंपनीसाठी वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनचा बेस साधा १९६२चा प्रिसिजन होता, एकच पिकअप, वर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा.

कुठून सुरुवात करायची

आपल्या बाजारात मिळणाऱ्यांपैकी स्क्वायरचा अफिनिटी प्रिसिजन पीजे, कॉर्टचा अ‍ॅक्शन पीजे, आयबानेझचा टालमन टीएमबी१०० आणि यामाहाच्या बीबी मालिकेतले बीबी२३४, बीबी४३४ हे सगळे पी-जे आहेत. टालमनवर अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप आहे. त्याच्या वर सायरचा मार्कस मिलर पी७, ज्यावर अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह स्विच आहे. फेंडरचा मस्टँग बेस पीजे ३० इंची स्केलचा आहे. हात खरोखर लहान असतील किंवा शाळकरी मुलासाठी घेत असाल तर तोही पाहा, फक्त त्याच्या ढिल्या तारांचा आवाज ३४ इंचीपेक्षा वेगळा येतो. जपानी फेंडरचा एरोडाइन जॅझ जुन्यात सापडला तर सोडू नका: पी-जे पिकअप आणि जॅझचा नेक, दोन्ही एकत्र.

या यादीतल्या कोणत्या नेकची रुंदी किती, हे छापील माहितीवर सोडू नका. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत नेक बदलतात. मुंबईत धोबी तलावच्या दुकानांत किंवा पुण्यात एका दिवसात तीन-चार बेस हातात घेता येतात. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी, स्वतःची केबल आणि कॅलिपर घेऊन जा. दुकान उघडल्या उघडल्या तुम्हाला शांतपणे अँप मिळतो आणि मालकालाही बोलायला वेळ असतो. गावातच असाल आणि ऑनलाइनशिवाय गत्यंतर नसेल, तर परतीची मुदत वाचूनच मागवा आणि खोकं उघडल्यावर वरच्या सगळ्या पायऱ्या पहिल्या दोन दिवसांत उरका.

पाच तारांचा पी-जे? मिळतो, पण त्यात नेकची सगळी गणितं बदलतात. तो वेगळाच शोध आहे.

मनासारखा मिळाला नाही तर: नेक बदलणं

पी-जे बेस आवडला, आवाज पटला, नेक मात्र जाड. अशा वेळी फेंडरच्या मापाच्या बेसवर जॅझचा नेक बसवता येतो. दोन्हींची हील सुमारे अडीच इंच रुंद आणि चार स्क्रूंची. वॉर्मथ, ऑलपार्ट्ससारख्या कंपन्या फेंडरच्या परवान्यानं असे नेक विकतात. त्यासाठी आधी आपल्या बेसच्या नेकपॉकेटची रुंदी आणि खोली कॅलिपरनं मोजा. फेंडर नसलेल्या बेसवर हा हिशेब चालत नाही. यामाहा, आयबानेझ यांच्या हीलचा आकार वेगळा असतो.

नवा नेक पॉकेटमध्ये हातानं दाबल्यावर जरा अडत बसला पाहिजे. ढिला बसला तर बाजूला कागदाची पट्टी भरणं हा जुगाड आहे, टिकत नाही. भोकं जुळली नाहीत तर जुनी भोकं कठीण लाकडाच्या खुंट्या आणि वूड ग्लूनं बुजवून नवी पाडावी लागतात. ड्रिल करण्यापूर्वी ई आणि जी तारा लावून त्या नेकच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर जातात ना, हे पाहून मगच खुणा करा. हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून करून घेतलेलं बरं. स्क्रूचं भोक एक मिमी चुकलं तर जी तार फ्रेटच्या कडेवरून घसरत राहते.

साध्या प्रिसिजनला जे पिकअपची खाच पाडून पी-जे करणं हा दुसरा मार्ग. बॉडीत राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) चालवायचा म्हणजे परत फिरणं नाही, आणि बेसची पुढची विक्रीची किंमतही घटते. स्वस्त बेसवर खुशाल करा. चांगल्या प्रिसिजनवर मी हे करणार नाही; तो विकून पी-जे घेईन.

एक बारकी गोष्ट: जे पिकअप दोन लांबीचे येतात. ब्रिजकडचा नेककडच्यापेक्षा साधारण ३ मिमी लांब असतो. बदली पिकअप मागवताना आधी जुना काढून मोजा. काही पी-जे बेसवर ब्रिजपाशी आखूड पिकअप बसवलेला असतो.

घरी आणल्यावर

कारखान्यातल्या तारा काढून ४५ ते १०५ मापाच्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) नव्या घाला. पीचा जुना, थपथपीत आवाज हवा असेल तर फ्लॅटवाउंड, धार हवी असेल तर राउंडवाउंड (खरखरीत). सेटअप करायचा तर आधी तारा, कारण ताण बदलला की नेक हलतो. एक रात्र जाऊ द्या. मग आठव्या फ्रेटची फट पुन्हा पाहा. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, पुन्हा थोडा वेळ थांबा. त्यानंतर सतराव्या फ्रेटवर तारांची उंची: ई सुमारे २.४ मिमी, जी सुमारे २ मिमी. जोरात वाजवणाऱ्यांनी थोडी जास्त ठेवावी.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात नेक हलतो, पुण्या-नागपूरकडे उन्हाळ्यात. वर्षातून दोनदा ही फट पाहण्याची सवय ठेवा: जूनच्या शेवटी आणि दिवाळीनंतर. बेस भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि चार महिने वापरायचा नसेल तर सिलिका जेलच्या पुड्या घालून बॅगेत ठेवा.

शेवटी पिकअपची उंची. पीचा जोर जेपेक्षा मुळातच जास्त असतो, म्हणून पी खाली आणि जे वर, अशी सुरुवात करा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जे आणि तार यांच्यात साधारण अडीच-तीन मिमी ठेवा. त्याहून वर नेलात तर चुंबक ई तार ओढतो आणि वरच्या फ्रेटवर स्वर डळमळतो. मग एकट्या पीचा आणि एकट्या जेचा जोर कानानं सारखा होईपर्यंत पी अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं खाली घ्या. तो जुळला की पी पूर्ण, जे निम्मा, टोन पाऊण, आणि एक अख्खं गाणं ड्रमरसोबत वाजवून पाहा. घरात एकट्यानं वाजवताना जे नेहमीच जास्त हवासा वाटतो. ड्रम सुरू झाल्यावर तो किती ठेवायचा ते ठरवा, आणि तिथे नॉबपाशी मार्करनं एक ठिपका काढून ठेवा.